चिनी मातीचं दालन

“तुम्ही जेवून आलात का?” असं तिने विचारलं तेव्हा त्याला वाटलं, ती आपल्या मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारते आहे. त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा. मागे कुणी नव्हतं. म्युझियमच्या रुंद पायऱ्या होत्या, एक म्हातारं जोडपं पाय चोळत बसलं होतं, आणि फाटकाशी सहलीच्या पोरांची रांग लावता लावता एक मास्तर घामाघूम झाला होता. मग त्याच्या लक्षात आलं, हे ‘तुम्ही’ म्हणजे आपणच. हो, खाऊन आलो, असं तो म्हणाला. खरं तर सकाळपासून त्याच्या पोटात दोन कप चहाशिवाय काही नव्हतं. तिने मान डोलावली आणि आधीच काढून ठेवलेली तिकिटं पर्समधून बाहेर घेतली. पर्सची चेन लावली, लागली का पाहिलं, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा पाहिलं. तो तिच्यामागून चालायला लागला. मनात तो एकच शब्द दाताखाली खडा यावा तसा परत परत येत होता. ती लहान असताना ‘बाबा, तू ये’, ‘बाबा, तू खोटारडा आहेस’, ‘बाबा, तू वाक ना, मला कानात सांगायचंय’ असं चालायचं. आईला ‘तू’ आणि बापाला ‘तुम्ही’ हे त्यांच्या घरात कधी नव्हतंच. ते त्यानेच ठरवलं होतं, मोठ्या हौसेने. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती, सात वर्षांची असतानाचं तिचं कपाळ तेवढं तसंच होतं, आणि तिने त्याला बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं होतं, तुम्ही जेवून आलात का.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं तेच काम. इमारतीत शिरताना त्याचा कान आपोआप लिफ्टच्या आवाजाकडे जायचा, तसा आताही गेला. म्युझियमची लिफ्ट मजल्यापेक्षा बोटभर खाली थांबत होती आणि दार मिटताना कण्हल्यासारखा आवाज करत होती. ब्रेक घासलाय, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ती जिन्याकडे वळली होती. तिला जिना चढताना पाहून त्याला वाटलं, हिला सगळं पाठ आहे. कुठून वळायचं, कुठल्या दालनातून कुठे निघायचं, हे ती फलक न वाचता ओळखत होती. म्हणजे ती इथे मधूनमधून येत असणार. एकटी. आणि तो मात्र एकवीस वर्षांत या रस्त्याने गेला नव्हता. या भागातली दुरुस्तीची कामं त्याने दुसऱ्या मिस्त्रीच्या गळ्यात घातली होती, आणि कुणी विचारलंच तर तिकडचे वॉचमन फार उर्मट आहेत असं सांगायचा.

दोन महिन्यांपूर्वी मेहुण्याचा फोन आला होता. ताई गेली, एवढंच तो म्हणाला होता. ताई म्हणजे त्याची बायको, म्हणजे एके काळची. मुलगी दहा वर्षांची असताना ती तिला घेऊन भावाकडे निघून गेली होती आणि मग कागदावरही वेगळी झाली होती. त्याने विचारलं, कधी न्यायचं, आणि लगेच म्हणाला की हॉस्पिटलची लिफ्ट अडकली आहे, पेशंटचा प्रश्न आहे, बघतो कसं जमतं ते. लिफ्ट खरंच अडकली होती. पण ती अकरा वाजता सुटली होती, आणि त्यानंतर तो दिवसभर त्या हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, ग्रीसच्या डब्यावर बसून राहिला होता. मग गेल्या बुधवारी मुलीचा फोन आला. अकरा वर्षांनी. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती, ते तिने आईकडून घेतलं होतं. रविवारी मोकळे आहात का, म्युझियममध्ये भेटू, असं ती म्हणाली. म्युझियम म्हटल्यावर तिला काय हवं आहे ते त्याला कळलं. फोन ठेवल्यावर त्याने हात धुतले, आणि हात स्वच्छच होते.

पहिल्या दालनात दगडी मूर्ती होत्या. कुणाला नाक नव्हतं, कुणाला कोपरापासून हात नव्हता, आणि सगळ्या कशा निवांत उभ्या होत्या, जणू ते अवयव त्यांनी स्वतःच कुणाला देऊन टाकले होते. एका लांब काचेखाली लाकडी शवपेटीचं झाकण होतं. त्यावर रंगवलेले डोळे इतके ताजे होते की त्याने नजर काढून घेतली. मग हस्तिदंती फण्या, बारीक दात्यांच्या, आणि गालिचे, भिंतीएवढे, ज्यांवर कुणीच कधी पाय ठेवणार नव्हतं. ती प्रत्येक गोष्टीपाशी थांबत होती, फलक वाचत होती, आणि एकेक फलक दोनदा वाचत होती. वाचता वाचता, त्याच्याकडे न पाहता, तिने आपलं सांगितलं. ती एका मोठ्या औषधांच्या दुकानात होती. काउंटरवर. डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची, औषध काढायचं, नाव जुळवायचं, द्यायचं. तिला ते चांगलं यायचं. पण गेल्या वर्षापासून ती बाटलीवरचं नाव वाचून बाटली खाली ठेवायची आणि वाटायचं, आपण वाचलंच नाही. पुन्हा वाचायची. मग गिऱ्हाईक पिशवी घेऊन दारापर्यंत गेलं की त्याला हाक मारून परत बोलवायची. रांग लागायची, लोक कुरकुरायचे. मालक भला माणूस होता, त्याने तिला काढलं नाही, मागे गोदामात खोकी लावायला बसवलं. घरीही तेच, ती म्हणाली. कुलूप लावून तीन मजले उतरायची, तीन मजले चढायची. हे सगळं ती दुसऱ्या कुणाच्या पायाचं दुखणं सांगावं तसं सांगत होती. त्याने विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का. दाखवलं, ती म्हणाली, गोळ्या आहेत. आणि पुढच्या फलकाकडे गेली.

बारीक चित्रांच्या दालनात उजेड मंद ठेवला होता. हाताच्या तळव्याएवढ्या चित्रांत बागा होत्या, घोडे होते, गच्चीवर वाट पाहणाऱ्या बायका होत्या. तिथे ती आईविषयी बोलली. शेवटच्या आठवड्यात आईला धड शुद्ध नव्हती. पण नर्स आली की ती तिचा हात धरायची आणि सांगायची, हिला एकटी सोडू नका हो, हिला हरवायची सवय आहे. मुलगी पलंगाशी बसलेली असायची, आईचे पाय चेपत. नर्स हसायच्या. एकदा एक नर्स तिला म्हणाली, काय गं, लहानपणी फार भटकी होतीस वाटतं. मुलगी म्हणाली, हो, होते. हे सांगून झाल्यावर तिने पर्सची चेन चाचपली. त्याने एका घोड्याकडे पाहिलं. घोड्याच्या मानेवरचा एकेक केस वेगळा काढला होता. एका केसाचा कुंचला असतो म्हणे, असं तो म्हणाला. ती म्हणाली, हो, असतो.

तो जे सांगत आला होता ते असं होतं. एकवीस वर्षांपूर्वी एका रविवारी बायको आपल्या बहिणीकडे गेली होती आणि तो मुलीला म्युझियम दाखवायला घेऊन आला होता. चिनी मातीच्या भांड्यांच्या दालनात गर्दी होती, मुलगी हात सोडून कुठे तरी गेली, आणि तो तीन तास खालीवर शोधत फिरला. शेवटी बंद व्हायच्या वेळेला ती त्याच दालनात एका गार्डबरोबर सापडली. हे त्याने बायकोला सांगितलं, सासूला सांगितलं, शेजाऱ्यांना, कामावरच्या लोकांना सांगितलं. सांगून सांगून त्याला ती गर्दी दिसायला लागली होती. एका बाईचा हिरवा रुमाल दिसायचा, आपण तिला धक्का मारून पुढे गेल्याचं आठवायचं. मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी हलले नाही, मी बाकावरच होते. बायकोने तिच्या थोबाडीत मारली. बायको मारकुटी नव्हती, तेवढं एकदाच. भीतीने मारलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा म्हणाली, मी हलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने बापाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. आणि तो पेपर वाचत राहिला.

वरच्या मजल्यावर पोचल्यावर ती डावीकडे वळली आणि थांबली. इथेच होतं, असं तोही मनात म्हणाला. पण ते दालन राहिलं नव्हतं. कपाटं नव्हती, काचेच्या पेट्या नव्हत्या, मधला तो काळ्या गादीचा लांब बाक नव्हता. भिंती पांढऱ्या केल्या होत्या आणि त्यांवर मोठमोठे पांढरेच कॅनव्हास लावले होते. जवळ गेलं की त्यांत थोडा करडा रंग दिसायचा, भिंतीला ओल आल्यासारखा. कोपऱ्यात खुर्चीवर एक गार्डबाई बसली होती. मुलीने तिला विचारलं, इथली भांडी कुठे गेली. म्हणजे एवढ्या वेळा येऊनही ती या मजल्यावर कधी चढली नव्हती. ती सगळी खाली तळघरात बांधून ठेवलीत, बाई म्हणाली, मी लागले त्याच्याही आधीपासून. एक मोठी निळी थाळी होती, माशांची, मुलगी म्हणाली. असेल ताई, आम्हाला काय दाखवतात होय, बाई म्हणाली आणि मोज्याचं इलॅस्टिक सारखं करायला वाकली.

मुलगी त्या रिकाम्या जागेच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. तिथे बाक असायचा. समोरच्या भिंतीकडे पाहत ती म्हणाली की त्या थाळीत त्रेसष्ट मासे होते. बाहेरच्या कडेने मोठे आणि आत आत लहान होत गेलेले. बाकावर बसून दिसत होते तेवढे. मोजून झाले की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मोजता मोजता किती वेळ गेला ते कळलं नाही, पण दर वेळी त्रेसष्टच यायचे. आता थाळी असती तर पाहिलं असतं, तिला वाटलं होतं. त्रेसष्ट निघाले असते तर आपण बसलो होतो हे तरी नक्की झालं असतं. मग ती त्याच्याकडे वळली.

“बाबा, मी हलले होते का?”

तिचा आवाज साधा होता. रागाचा नव्हता. राग असता तर त्याला बरं पडलं असतं. रागाशी कसं वागायचं ते त्याला येत होतं. आणि तोंडातून जे आलं ते त्याने आणलं नव्हतं, ते एकवीस वर्षं तिथेच बसून होतं.

“मुंगे, लहान होतीस तू. लहान पोर कधी उठतं, कधी बसतं, त्याचं त्याला तरी कळतं का?”

मुंगी हे तिचं लाडाचं नाव. ते इतक्या वर्षांनी तोंडात आलं याची त्याला शरम वाटली. तिने थोडा विचार केला. मग ती हळूच म्हणाली, “म्हणजे हलले असेन.”

आणि त्याला ती सकाळ आठवली. चौथ्या दिवसाची. स्वयंपाकघरात ती दुधाचा पेला घेऊन बसली होती, ओठावर पांढरी रेघ होती, बायको पाठमोरी होती. कुणी काही विचारलं नव्हतं. आपणहून ती म्हणाली होती, मी हलले असेन. अगदी याच सुरात. बायकोने वळून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, शहाणी माझी. आणि त्याला काय वाटलं होतं? त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. अडकलेली लिफ्ट हिसका देऊन चालू होते, दोर ताणले जातात, आतली माणसं श्वास सोडतात, तसं. त्या दिवशी त्याने कामावर सगळ्यांना चहा पाजला होता. सात वर्षांच्या पोरीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवून बापाच्या पदरात टाकलं होतं, आणि बाप शीळ घालत कामाला गेला होता.

ती पुढच्या दालनात गेली. तिथे शस्त्रं होती, चिलखतं होती, आत माणूस नसलेली. तो मागून चालत होता, पण शर्टाची कॉलर मानेला घासत होती. एका ढालीपाशी ती थांबली, फलक वाचला, पुढे गेली, परत आली, पुन्हा वाचला. त्याने ते पाहिलं. तो तिला म्हणाला, जरा बसू. बसायला जागा नव्हती. जिन्याच्या वळणावर खिडकी होती, तिच्या खालच्या दगडी कट्ट्यावर ते दोघं बसले, मधे एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. सहलीची पोरं ओरडत खाली उतरत होती. ती सगळी जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, “तू हलली नव्हतीस.”

त्याने सांगायला सुरुवात केली आणि थांबता येईना. गर्दी नव्हती. हिरव्या रुमालाची बाई नव्हती. दालनात ते दोघंच होते. ती प्रश्न विचारत होती, हे कुणी केलं, ते का फुटलं नाही, मासे एकाच दिशेला का बघतात, आणि तो उत्तरं देत होता, आणि अचानक त्याला वाटलं की हे असंच चालणार. आज, उद्या, दर रविवारी. काही झालं नव्हतं. भांडण नव्हतं, दुसरी बाई नव्हती, कामावर कटकट नव्हती. त्याने तिला बाकावर बसवलं आणि म्हणाला, बस हां, हलू नकोस, आलोच. सिगारेट ओढायला म्हणून तो पायऱ्यांवर आला. समोर बस थांबली होती. तो चढला. कुठली ते पाहिलंही नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. तिथे एक सलून होतं, आत गिऱ्हाईक नव्हतं, तो जाऊन खुर्चीत बसला आणि दाढी कर म्हणाला. न्हाव्याने साबण लावता लावता विचारलं, मुलंबाळं किती. तो म्हणाला, नाहीत. न्हावी म्हणाला, सुखी आहात. आणि तोंडावरून गरम फडकं फिरलं तेव्हा, तो मुलीला सांगत होता, तेव्हा मी खरंच सुखी होतो. पाच मिनिटं. दहा असतील. मग पाचावर धारण बसली. परत यायला बस मिळेना. धावत आलो तेव्हा दिवे मालवत होते.

“परत येणारच नाही, असं ठरवलं होतं का?” तिने विचारलं.

त्याला नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, ठरवलं नव्हतं, पण परत यायचं असंही मनात नव्हतं. ती खिडकीबाहेर पाहत होती. खाली अंगणात माळी पाइपने पाणी घालत होता आणि पाइपला कुठे तरी भोक होतं. आईला सांगायला हवं होतं, असं ती म्हणाली. त्याने मान हलवली. आई तेच घेऊन गेली, ती म्हणाली. माफी मागावी असं त्याला वाटलं, पण तो शब्द फार हलका वाटला, बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणतात तो. तो न म्हणताच राहिला, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं की निदान म्हणायला हवा होता.

तिने पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. हात स्थिर होते. ती म्हणाली की तिला आता आणखी एक नीट आठवतं आहे, इतकी वर्षं वाटायचं की ते स्वप्नात पाहिलं असेल. बाकावर बसल्या बसल्या तिला लघवीला लागली होती. फार लागली होती. दालनाच्या बाहेरच पाटी होती, बाईचं चित्र काढलेली, ती तिथून दिसत होती. पण उठले आणि तेवढ्यात बाबा आला तर त्याला सापडणार नाही, म्हणून ती उठली नाही. मग तिथेच झाली. गादीवर. गार्ड आला तेव्हा ती फ्रॉक पसरून त्यावर बसून राहिली, त्याला दिसू नये म्हणून. त्याने काही विचारलं नाही. तो नुसता जवळ उभा राहिला.

“तुम्ही आलात, मला उचललंत,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं का?”

तिच्या डोळ्यांत काही मागणं नव्हतं. आता तिला जे हवं होतं ते मिळालं होतं; हे ती उगीच, बोलता बोलता विचारत होती. आणि त्याला ती परतीची बस दिसली. बस भरली होती, त्याला खिडकीशी जागा मिळाली होती, ती त्याच्या मांडीवर होती, मान त्याच्या खांद्यावर टाकून पेंगत होती. आणि मांडीला गार लागलं. त्याने हात लावून पाहिला, हाताचा वास घेतला. त्याची पँट नवी होती. त्याने तिला उठवलं, मांडीवरून खाली उतरवलं आणि समोरच्या दांड्याला धरून उभं केलं. अर्धा तास ती तशीच उभी होती, दोन्ही हातांनी दांडा धरून, बस वळली की एका बाजूला कलत, आणि तो खिडकीबाहेर पाहत बायकोला काय सांगायचं ते जुळवत होता. ते ती विसरली होती. किंवा झोपेत होती, किंवा तिला ते उभं राहणं वेगळं असं वाटलंच नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “नव्हतं कळलं.”

तिने मान डोलावली. तिला ते पटलं होतं.